वीस-नऊ

सोमवार, ३ तारीख

आलो एकदाचे! धक्क्यावरच खोली मिळाली आहे. खिडकीतून बोट दिसते, म्हणजे उशीर झाल्याची सबब कायमची गेली. बायकोने सामान लावायच्या आधी भिंतींना नावं ठेवून घेतली. ठकीने (वय वर्षं चार) खिडक्या, खिळे, पायऱ्या सगळं मोजून टाकलं. तिला अठ्ठावीसपर्यंत येतं. तिथे अडखळते आणि ‘वीस-नऊ’ म्हणते. आम्ही हसलो की रुसते.

बोटीचं काम खाडीतले बोये, म्हणजे जहाजांना वाट दाखवणारे तरंगते पिंप, साफ करायचं. प्रत्येक बोयापाशी नांगर टाकायचा, काम झालं की उचलायचा. तो उचलणारी विजेची विंच हे माझं खातं. वर्षभरात तिच्या दोन मोटारी तापून जळल्या आहेत. तिसरी जळली तर तुमचीही गच्छंती, असं कप्तानाने हसत हसत सांगितलं.

मंगळवार, ४

दोष विंचचा नाहीच, वापरणाऱ्यांचा आहे. नांगर उचलायच्या नावाखाली अख्खी बोट तिच्याकडून ओढून घेतात, मग बिचारी तापेल नाही तर काय! आजपासून आधी इंजिन चालू, म्हणजे बॅटरी उतरणार नाही. इंजिनानेच बोट नांगराच्या डोक्यावर न्यायची, साखळी सैल पडली की मग विंच. दोन मिनिटं चालवून थांबायचं आणि मोटारीवर डावा तळहात ठेवून दहा मोजायचे. तोवर हात टिकला तर पुढे चालवायची. कप्तानाने तोंड वाकडं केलं, पण ऐकलं.

ठकीलाही दाखवून आणलं. घरी आल्यावर तिने माझ्या कपाळावर हात ठेवला, दहा मोजले आणि मोटार गार असल्याचं जाहीर केलं.

गुरुवार, ६

शेवटच्या बोयापाशी साखळी वर आली ती बर्फासारखी गार. पाणी मात्र कोमट होतं. मोटारीवर हात ठेवून मोजत होतो, तर प्रत्येक आकड्याला साखळीतून टक् असा आवाज. दहाला मी थांबलो, आवाज थांबला नाही. गंमत म्हणून त्याच्याबरोबर मोजत राहिलो. बत्तीसपर्यंत हात टिकला! इतकी गार मोटार या बोटीने पाहिली नसेल. मी दिवसभर मिशीला पीळ देत फिरलो.

स्वयंपाकी म्हणाला, आधीचे मिस्त्रीही असेच मोजायचे. शंभरापर्यंत हात ठेवायचे, म्हणून सगळे त्यांना शंभरमामा म्हणत. ते आता कुठे असतात असं विचारलं, तर त्याला एकदम भाजी करपल्याची आठवण झाली.

शनिवार, ८

आज सत्तर.

चहा पिताना स्वयंपाकी माझ्याकडे बघतच राहिला. मी कपाऐवजी उकळतं पातेलंच डाव्या हाताने धरून ठेवलं होतं. माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

सोमवार, १०

इलेक्ट्रिशियन आला. लांबूनच तापमान सांगणारं यंत्र त्याने मोटारीवर रोखलं. मी नुकतंच छातीठोकपणे सांगितलं होतं, गार आहे म्हणून. पंच्याण्णव अंश. त्याने माझा हात उलटा करून पाहिला. तळव्याची कातडी सोलून निघाली होती. दुखत नाही. अजिबात दुखत नाही.

डॉक्टरने काखेत थर्मामीटर लावला, झटकला, पुन्हा लावला. पारा जागचा हलला नाही. बिघडलाय म्हणाला.

मोटार कधी गार नव्हतीच. गार मी होतोय.

बुधवार, १२

विंचला हात लावणार नाही, असं कप्तानाला सांगून टाकलं. नोकरी गेली तर गेली.

स्वयंपाक्याने अखेर तोंड उघडलं. शंभरमामा भर दुपारच्या उन्हात विंचपाशी बसलेले सापडले होते. हात मोटारीवर. अंग साखळीसारखं थंडगार.

ती टक्‌टक् आता खोलीतही ऐकू येते. भिंतीतून नाही. माझ्या छातीतून येते. मला फार भीती वाटते.

गुरुवार, १३

अंगावर तीन रजया. तरी दात वाजतात.

ठकीने माझा हात हातात घेऊन फुंकर घातली. तेवढाच हात ऊबदार झाला. मी रडलो.

संध्याकाळी बायकोने विचारलं, पोरीची बोटं अशी निळी का पडलीत. तिला माझ्याजवळ फिरकू देऊ नकोस, एवढंच बोललो. कारण सांगवेना.

शुक्रवार, १४, दुपार

बायको औषध आणायला गेलीय. दार नुसतं लोटलेलं. ठकी कधी आत आली कळलं नाही— कपाळावर तिचा हात. मोटार तापली का बाबा, म्हणते. मोजतेय.

ऊब. किती दिवसांनी—

हात काढायला हवा तिचा. दहा होऊ देत, काढतो.

दहा झाले.

ओठ पांढरे पडलेत तिचे. माझ्या छातीतली टक्‌टक् आणि तिचे आकडे— बरोबरीने—

अठ्ठावीसला अडखळेल. नेहमी अडखळते. अडखळली की लगेच हात बाजूला करीन, देवाशप्पथ करीन—

सव्वीस. सत्तावीस.

अठ्ठावीस. थांबली. थांबली गं माझी बाय—

एकोणतीस.

तीस. एकतीस. बत्ती