मोर ठेवला, पोरगी घरी पाठवली

मंगळवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय नुसतं. आज शाळेत तपासणीला साहेब येणार होते, म्हणून माझ्या पिंकीने सकाळी जाऊन दारात रांगोळीचा मोठा मोर काढला. मानेचा निळा रंग असा जमला, की वॉचमनने सायकल उचलून बाजूने नेली. आणि साहेब यायच्या आत मॅडमनी तिला घरी पाठवली. का, तर साहेब वाचायला उभं करतील आणि हिला वाचता येत नाही.

बोनकोड्यातून, घरून तडक शाळेत चालत गेले. मॅडम हसून म्हणतात, "ताई, डिस्लेक्सिया आहे तिला. अशा मुलांच्या हातात कला असते हो. साहेबांनी मोराचा फोटो काढला!"

"मोर कुणी काढला, ते सांगितलंत?"

मॅडम हजेरीवही चाळायला लागल्या. तो निळा डोळ्यापुढून हलत नाही. कला पायजे, मग शिकवायला काय होतं?

वर म्हणतात, उद्या पाहुणे आहेत, रांगोळीला हिला लवकर पाठवा. मी म्हटलं, वर्गात बसवणार असाल तर येईल, नाहीतर तुम्हीच वाका दारात. "बघू" म्हणाल्या. बघू काय?

घरी येऊन पिंकीला सांगितलं, उद्या जायचं नाही. तर माझ्यावरच रडली, "मम्मी, तेवढंच तर मला येतं. तेपण तू बंद केलंस."