बर्फावरचा मुलगा

गुरुवार, १२ नोव्हेंबर १९९८
देवळाली कॅम्प

शिसारी आली आज. दादाची, आणि माझीसुद्धा.

आई ज्या पारशी बाईंकडे स्वयंपाक करायची, त्यांनी तिला दिलेली जुनी चिनी बरणी दादाने विकली. आईला न विचारता. इतकी वर्षं तिच्यात लिंबाचं लोणचं असायचं. सकाळी त्यानेच ते पातेल्यात ओतलं आणि बरणी घासून ठेवली. एरवी स्वतःचं ताटही उचलत नाही.

बरणीवर एक मुलगा नदीवर उघडाच आडवा पडलेला आहे. लहानपणी आम्ही त्याला दारुडा म्हणायचो. बरणी घ्यायला मुंबईहून आलेल्या व्यापाऱ्याने आज सांगितलं, ही चीनमधली जुनी गोष्ट आहे आणि ती नदी गोठलेली आहे. आजारी आईला मासा खावासा वाटला, म्हणून अंगाच्या उबेने बर्फ वितळवायला तो उघड्या अंगाने त्यावर झोपला. आणि ती आईसुद्धा सावत्र.

दादाने हे सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग भाव जरा वाढवून द्याल ना?"

लाज कशी वाटली नाही? पण मी तरी कुठे तोंड उघडलं?

आई चहा घेऊन दारातच उभी होती. त्या उघड्या मुलाकडे बघत व्यापाऱ्याला म्हणाली, "अहो, पण मग तो आजारी नाही पडला?"

मी त्या मुलावरून पेपर गुंडाळला आणि सुतळीची गाठ घट्ट मारली.