मधली खोली वगळून बाकी सर्व

पोरी, हे लिहायला फार उशीर केला, त्याबद्दल तू आणि जावईबापूंनी मला माफ करावे. वकीलसाहेब म्हणतात, खाडाखोड झाली तर दरवेळी शेजारी सही लागेल. म्हणून एकेक शब्द जपून लिहितो.

मी, धंद्याने सुतार, शिक्षण चौथीपर्यंत, आज पूर्ण शुद्धीवर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. मला कोणी धमकावलेले नाही की काही पाजलेले नाही. माझ्यामागे चीजवस्तूंचे असे करावे:

१. रंधे, पटाश्या, करवती पुतण्याला. मोठा रंधा त्याने कोणाला उसना देऊ नये, परत येत नाही.

२. औषधपाणी भागवून बँकेत उरेल ते तुला.

३. डुगडुगणारे स्टूल तुझ्या मामाला. घटस्फोटाच्या वेळी तो माझाच चहा पिऊन बहिणीला सांगायचा, सही करू नकोस, झुलू दे त्याला. आता त्याने झुलावे.

४. घर. हे जरा नीट सांगावे लागेल. तुझ्या लग्नानंतर तुझ्या आईने माझ्याशी अबोला धरला. बोलायची ती भिंतीकडे तोंड करून. "सांगा त्यांना, ताट वाढलंय." घरात आम्ही दोघेच. सांगायला तिसरे कोण होते? मला त्याचीच धास्ती बसली आणि मी कोर्टात गेलो. तिने सही केली नाही, तारखेला आली नाही. बेलिफ समन्स घेऊन आला की मधल्या खोलीची कडी आतून लावायची. आतून म्हणाली, "सांगा त्यांना, मी नांदतेय." बेलिफाने मला हळूच विचारले, आत अजून कोण आहे?

शेवटी समन्स दारावर डकवले आणि कोर्टाने एकतर्फी घटस्फोट दिला. मी विचारले, म्हणजे माझ्या बाजूने झाला, तिच्या बाजूने नाही ना? वकीलसाहेब हसले. म्हणाले, "काका, अर्धा घटस्फोट नसतो."

ती त्याच खोलीत राहिली आणि पुढच्या वर्षी त्याच खोलीत वारली. तिला पोचवून आलो, तेव्हा तू होतीस. कडी आतून लागलेली होती. जावईबापूंनी खिडकीतून पाहिले, आत कोणी नव्हते. दार फुगले असेल म्हणाले. फुगलेले दार अडकते, पण कडी कशी सरकेल?

तेव्हापासून ती आतून निरोप सांगते. पाणी तापलंय म्हणते, जाऊन पाहावे तर तापलेले असते. त्याची सवय झाली होती. पण हल्ली तो निरोप कोणीतरी मला आणून देते. अगदी अदबीने, कानाशी. आवाज बाईचा नाही, पुरुषाचाही नाही. परवा म्हणाले, "त्या विचारतायत, केव्हा येताय."

मी कोण म्हणून जाऊ? घटस्फोट मागे घ्यायचा आहे असे वकीलसाहेबांना सांगितले. ते म्हणाले, त्याला दोघांची संमती लागली असती, आणि काकू तर आता नाहीत. म्हणजे मी जाणार सुटलेला माणूस म्हणून, आणि ती बसली आहे बायको म्हणून. तिने दारातच अडवले तर मी कुठे उभा राहू?

५. सबब, पुढची खोली व स्वयंपाकघर तुझे. मधली खोली माझी नाही, ती मला देता येत नाही. तिचे दार फोडू नये, बाहेरून कुलूप घालू नये.

हे मी स्वतःच्या हाताने लिहिले व साक्षीदारांसमोर सही केली.

साक्षीदार : शेजारचा शिंपी (सही), कोपऱ्यावरचा न्हावी (अंगठा)
ठिकाण : राहत्या घराची पुढची खोली
दिनांक : वकीलसाहेब शिक्का मारतील तो

ता. क. पोरी, तुझ्याशी ती सरळ बोलायची. एकदा ये, दाराशी उभी राहा आणि विचार, बाबांना नवरा म्हणून आत घेशील का? काय म्हणाली ते मला लवकर कळव, फार दिवस नाहीत. फोन केलास तर उचलणारा मीच आहे ना, ते आधी विचारून घे.