फ्लेक्स वाळेपर्यंत

आबा, काल तुम्हाला छापलं. एवढी वर्षं दुसऱ्यांची माणसं छापत आले. आपल्या यवतच्या दुकानातून श्रद्धांजलीचा फ्लेक्स गेला नाही असं गाव आसपास नसेल. तुमचा मात्र तुम्ही गेलात तेव्हा दौंडवरून छापून आणला होता, माझा हात मशीनकडं जाईना म्हणून. आता आईनंच हट्ट धरला. काचबिंदूनं तिची नजर कडेकडेनं मिटत चाललीय, आणि गेलेली परत येत नाही म्हणतात डॉक्टर. परवा म्हणाली, "भिंतीयेवढं मोठं कर गं त्येंना. दिसतंय तवर एकदा बघून घेते."

सवयीनं आधी हीटर लावले. तुम्ही शिरूरला ब्रशनं पाट्या रंगवणारे. मशीन आलं त्या दिवशी कोऱ्या फ्लेक्सखाली तळहात धरून मला सांगत होता, "मागनं ऊब दिली की फ्लेक्स शाई धरतो. शाई सोडणाऱ्या हेडखाली दिली की थेंब जाग्यावर बसतो. आन् पुढच्या हीटरवर वाळवायचं. घाई कुठंच न्हाई." मी विचारलं, मग हीटर यूपीएसवर का नाही? तुम्ही हसलात. "मशीनला डोकं हाय, म्हणून तिला यूपीएस. हीटरला नुसती भूक. त्येला थेट लाईनच पायजे, न्हाईतर यूपीएस झोपंल."

दुपारी तुमचा चेहरा कपाळाकडून उतरू लागला. डोळे आले आणि लाईट गेली. पंखा थांबला, पण यूपीएसवरचं हेड इकडून तिकडं फिरतच राहिलं. हीटर गार होत चाललेले, शाई ओलीच. मी मशीन थांबवलं. बाहेर हायवेवर ट्रक चालले होते आणि आत नाकापर्यंतचे तुम्ही माझ्याकडं बघत होता. मला भीती वाटली, आबा. आपल्याच बापाची. पाठ करून बसले, तरी मानेवर नजर होतीच. लाईट आल्यावर तिथूनच पुढं छापता आलं असतं. पण मधे गार झालेला फ्लेक्स आकसतो आणि चेहऱ्यावर आडवी रेघ उमटते. तसलं काम तुम्ही कुणाच्या मयताला दिलं नव्हतं. मी तो तुकडा कापून उलटा ठेवला आणि पहिल्यापासून लावलं.

सगळा चेहरा पुढच्या हीटरवर आला, तशी आईला घरून घेऊन आले. ती मान वळवून वळवून बघत राहिली. "ही मिशी व्हय? मंग डोळं कुठंयत?" तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तिच्या नजरेला उरलीय एवढीशी खिडकी, आणि मी तुम्हाला भिंतीएवढं केलं होतं. तिला तुम्ही तुकड्यातुकड्यानंच दिसत होता. मला रडू आलं. वाळलंय का ते कडेला बोट लावून बघायचं, चेहऱ्याला कुणी हात लावायचा नाही, ही आपल्या दुकानाची शिस्त. आईनं चाचपत सगळा तळवा तुमच्या गालावर ठेवला आणि तशीच उभी राहिली.

"गरम हायेत गं," ती म्हणाली.

हीटर काय असतो हे तिला माहीत नाही असं थोडंच आहे? हीटर, मशीन बंद केलं आणि तिला घरी सोडून आले.

हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून सांगते. परत येऊन मीही हात लावला. तोवर तुम्ही गार पडला होता. मी हीटर पुन्हा लावला.