तीन पिल्लं आणि तुझं पाठमोरं बसणं

आई, गेला महिनाभर माझ्या बाथरूममध्ये मांजराची तीन पिल्लं राहत होती. तू असतीस तर आधी मनसोक्त हसली असतीस आणि मग विचारलं असतंस, "आंघूळ कुटं करतीस मग?" आंघोळ मी मागच्या गॅलरीत, धुण्याच्या जागी पडदा लावून करत होते. या वयात बादली-तांब्या घेऊन पडद्याआड बसताना माझं मलाच हसू यायचं. पण तुला लिहायला बसले ते पिल्लांची गंमत सांगायला नाही. त्या महिन्यात तुझी जितकी आठवण आली, तितकी तू गेल्यानंतरच्या बावीस वर्षांत कधी आली नव्हती.

मी आता निवृत्त झाले. कचेरीतली फाईल, टेबल, खुर्ची सगळं सुटलं. लेक पुण्याला असते. इथं सोलापुरात दोन खोल्यांच्या घरात मी एकटी. वरच्या मजल्यावर औषधाच्या दुकानात काम करणारी एक बाई राहते, चाळिशीच्या आतली. रस्त्यावरच्या जनावरांचं बघणाऱ्या एका गटात ती आहे. एका सकाळी ती फळांची प्लास्टिकची पेटी घेऊन दारात उभी. वर जुना टॉवेल, आतून सापासारखे फूत्कार. तिनं सांगितलं ते असं. भवानी पेठेतला टॉवेलचा एक कारखाना बंद होतोय, माग विकले गेलेत. सुताच्या पोत्यांमागं मांजर व्यायली होती. ती मांजर रिक्षाखाली गेली. तिथं मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी एक वयस्कर तेलुगू बाई पोत्यांपाशी दूधभात ठेवत होती म्हणून पिल्लं जगली, पण माणसाचा हात त्यांना कधी लागलेला नाही. "दीड महिन्याची आहेत, ताई. आत्ता माणसाळली तर घरं मिळतील. आणखी मोठी झाली की अवघड. मग ऑपरेशन करून परत सोडावं लागतं. आणि सोडायचं कुठं? शेड पाडणार आहेत, शेजारी कुत्र्यांची टोळी आहे." माझ्याकडं रिकामा वेळ आहे एवढंच तिला ठाऊक होतं. मी हो म्हणाले.

दोन करड्या पट्ट्यांचे बोके आणि एक तिरंगी मादी. पेटी उघडल्याबरोबर तिघंही बादलीमागं गेली. मी दार उघडलं की कान डोक्याला चिकटवायची, पाठीचे केस उभे करायची आणि तोंड उघडून फिस्कारायची. एवढंसं तोंड, पण त्यातली भीती केवढी. मला वाटलं, एकदा उचलून मांडीवर घेतलं, गोंजारलं की कळेल यांना. दुसऱ्याच दिवशी मी बादली सरकवली आणि त्या तिरंगीला मानेपाशी धरून ओढलं. तिनं माझ्या अंगठ्यात दात रोवले ते हाडापर्यंत. हातातून सुटून ती भिंतीवर चढायला बघायला लागली, घसरून पडायची, पुन्हा चढायची. फरशीवर तिनं लघवी केली होती.

रेबीजची सुई घ्यायला सरकारी दवाखान्याच्या रांगेत बसले होते. अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं. आणि आई, त्या ओल्या फरशीवरून मला समाजमंदिरातली ती खोली आठवली.

मी तेव्हा सहावीत. माझी शाळा दुपारची, म्हणून सकाळी मी तुझ्याबरोबर बालवाडीत यायचे. समाजमंदिराची ती एक खोली, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली चटया. तू मदतनीस. झाडायचीस, घरोघरी जाऊन पोरं गोळा करून आणायचीस, खिचडी शिजवायचीस. शिकवायला वेगळ्या बाई होत्या. त्या वर्षी दिवाळीनंतर एक मुलगी आली. चार-साडेचार वर्षांची असेल. बापाबरोबर अक्कलकोटच्या पलीकडून आली होती. तो बांधकामावर होता. आई नव्हती. मराठीचा एक शब्द तिला येत नव्हता. बाप तिला दारात सोडायचा आणि ती थेट कोपऱ्यातल्या टेबलाखाली जाऊन बसायची. गुडघे पोटाशी, फ्रॉकचा काठ तोंडात. दुपारी बाप येईपर्यंत तिथंच. खात नव्हती, पीत नव्हती, रडतही नव्हती.

चौथ्या-पाचव्या दिवशी मला शहाणपण सुचलं. तू चुलीपाशी होतीस. मी टेबलाखाली वाकले, तिचा दंड धरला आणि तिला ओढून बाहेर काढलं. मला वाटलं, पोरांमध्ये आणून बसवलं की खेळेल. ती ओरडलीसुद्धा नाही. नुसती थरथरत उभी राहिली आणि तिच्या पायाखाली चटई ओली झाली. पोरं हसली.

तू आलीस. तिच्याकडं बघितलंही नाहीस. फडकं आणलंस, चटई उचललीस, आणि ती परत टेबलाखाली जाईपर्यंत मुद्दाम दुसरीकडं तोंड करून उभी राहिलीस. मग मला बाहेर नेलंस. मला वाटलं, आता मार बसणार. तू हळू आवाजात म्हणालीस, "तुला कुणी असं वडलं तर?"

मी म्हणाले, "मी तिच्या भल्यासाठीच..."

"तुझं भलं तिला कसं कळावं? तिला आदी आपल्याला बघू दी. पोटभर बघू दी. घाई आपल्याला हाय, तिला न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून तू जे केलंस ते मी रोज बघत होते, पण मला ते काम वाटलं नव्हतं. मला वाटायचं, आई नुसती बसलीय. तू ताटात मसूर घ्यायचीस आणि टेबलापासून चार हात लांब, तिच्याकडं पाठ करून निवडायला बसायचीस. मधे खिचडीची वाटी ठेवायचीस. तिच्याकडं बघायचं नाही, वाटीकडंही बघायचं नाही. खडे वेचत काहीतरी पुटपुटत राहायचीस, भाजीच्या भावाचं, बाजाराचं, कुणाच्या लग्नाचं. तुझ्या आवाजाची तिला सवय व्हावी म्हणून ते होतं, हे मला आत्ता समजतंय. तिच्या बापाला गाठून तू तीन कानडी शब्द शिकून घेतलेस. बा म्हणजे ये, ऊटा म्हणजे जेवण, आणि अंजबेड, भिऊ नको. तुझ्या तोंडात ते इतके वेडेवाकडे यायचे की एकदा टेबलाखालून हसल्यासारखा आवाज आला. तू तरीही वळली नाहीस.

आठवड्यानं वाटी रिकामी व्हायला लागली. मग तू वाटी रोज वीतभर आपल्याकडं ओढून ठेवायला लागलीस. कधी ती बिचकली की दुसऱ्या दिवशी वाटी परत मागं. शिकवणाऱ्या बाई वैतागल्या. महिना संपत आला तेव्हा त्या म्हणाल्या, "हिचं नाव काढून टाकते मी पटावरून. तपासणीला कोणी आलं तर टेबलाखालचं पोर दाखवू का?"

तू ताट खाली ठेवलंस. "नाव असू द्या की बाई. ती रोज येतीय, बसतीय, ऐकतीय. मोठी माणसं तरी याच्यापेक्षा येगळं काय करत्यात?"

"आणि कधी बाहेर येणार ती?"

"ते तिचं तिला ठरवू द्या."

तू बाईंना उलट बोललेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. तुझी नोकरी त्यांच्या एका शब्दावर होती. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, तुला होतं.

होळी जवळ आली होती. एके दिवशी तू तशीच बसलीयस, ताट मांडीवर, पाय पसरलेले. पोरं गाणं म्हणतायत. टेबलाखालून ती बाहेर येते, गुडघ्यांवर. वाटीपाशी थांबत नाही. पुढं येते आणि तुझ्या पाठीला पाठ लावून बसते. मी समोर होते म्हणून तुझा चेहरा मला दिसला. तुझे डोळे भरले होते आणि बोटं मसुरात तशीच चालू होती. वळली नाहीस, हात मागं नेला नाहीस, शब्द काढला नाहीस. खडे केव्हाच संपले होते, तरी तू निवडत होतीस. बाप न्यायला येईपर्यंत तू जागची हलली नाहीस. पावसाळ्याआधी ती मुलगी तुझा पदर धरून खोलीभर फिरत होती आणि मराठीत भांडत होती.

घरी तू अशी नव्हतीस, तेही लिहिते. वेणी घालताना डोकं हललं की कंगवा टाळूत बसायचा. तुझा सगळा धीर त्या खोलीत संपून जायचा आणि आमच्या वाट्याला उरलेला दमलेपणा यायचा. याचा मला पुष्कळ वर्षं राग होता. दवाखान्याच्या रांगेत बसल्या बसल्या तो कुठं गेला कळलं नाही. धीर धरायला अंगात किती ताकद लागते, हे मला अंगठ्यातल्या ठणक्यानं सांगितलं.

सुई घेऊन घरी आले, मेथीची जुडी काढली आणि बाथरूममध्ये दाराशी पाट टाकून, बादलीकडं पाठ करून बसले. मधे बशीत उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे. मेथी निवडत बोलत राहिले. काय बोलायचं सुचेना, म्हणून कचेरीतल्या गोष्टी सांगितल्या, कोण कुणावर रुसलं होतं ते. सकाळी एक तास, दुपारी एक तास, संध्याकाळी एक तास. तिसऱ्या दिवशी मागून चपचप ऐकू आलं. बशी वीतभर पुढं. दोघं बोके आठवड्यात फितले. परकराच्या जुन्या नाडीला गाठ मारून ती फरशीवरून ओढली की झेपा घ्यायचे, मग चमच्यावरून खायला लागले, मग बोटावरून. एक तर मांडीत येऊन असा गुरगुरला की मला आधी वाटलं शेजाऱ्यांची मोटार चालू झाली. दोघांना एका शिक्षक जोडप्यानं एकत्रच नेलं.

तिरंगी बादलीमागंच. भाऊ गेल्यावर तर खाणंही कमी झालं. मीच तिला ओढलं होतं, आणि ते ती विसरली नव्हती. वरची बाई हळूच म्हणाली, "ताई, सगळीच होतात असं नाही. पुढच्या आठवड्यात ऑपरेशनचं बघू, मग कुठंतरी सोडू."

"अजून थोडे दिवस दे," मी म्हणाले.

"तुम्ही दमलात."

"मी दमले, पण तिचं अजून बघून झालेलं नाही."

बोलल्यावर माझ्या लक्षात आलं, हा आवाज माझा नाही.

मग एक दुपार. सोलापुरातली उन्हाळ्याची दुपार तुला सांगायला नको. लाईट गेलेली. बाथरूमची फरशी तेवढी गार, म्हणून मी तिथंच कुशीवर आडवी झाले आणि माझा डोळा लागला. जाग आली ती टाचेला काहीतरी खरखरीत लागत होतं म्हणून. थांबून थांबून. ती माझ्या टाचेवरचा घाम चाटत होती. आई, मी श्वाससुद्धा बेतानं घेतला. पायाला मुंग्या आल्या, पोटरीत गोळा यायला लागला, पण हलले नाही. बऱ्याच वेळानं तिनं माझ्या तळपायाला अंग टेकलं आणि ती झोपली. तुझी बोटं मसुरात का चालू राहिली होती, ते मला त्या वेळी पुरतं कळलं.

तिला नेलं ते कारखान्यातल्या त्या तेलुगू बाईंनीच. काम सुटल्यावर त्या लेकाच्या घरी राहतायत, पिल्लांचं काय झालं ते विचारत आल्या होत्या. बाथरूमच्या उंबऱ्यावर बसल्या, भिंतीकडं बघत त्यांच्या भाषेत हळूहळू बोलत राहिल्या. तिरंगीनं कान टवकारले. "पोत्यामागं रोज हेच बोलत होते मी," त्या म्हणाल्या. "माझं आवाज तिला ठावं हाय. मी नेते की." मला तिला सोडवत नव्हतं, पण ती त्यांच्याकडंच जायला हवी होती. आता त्यांच्या फडताळात, घडी केलेल्या चादरींवर झोपते म्हणे.

इथवर सगळं चांगलं झालं. आता राहिलेलं लिहिते. मागच्या रविवारी वरच्या बाईनं मला त्यांच्या गटासमोर बसवलं. पंधरा-वीस जण, बहुतेक शिकलेले, चटचट इंग्रजी बोलणारे. घाबरलेलं पिल्लू कसं हाताळायचं ते सांगा म्हणाले. मी सांगितलं, पाठ करून बसा, डोळ्यांत बघू नका, बोलत राहा, बशी वीतवीत ओढा, घाई तुमची आहे, त्याची नाही. सगळे लिहून घेत होते. एकीनं विचारलं, "मॅडम, हे तुम्ही कुठं शिकलात?" तोंडापर्यंत आलं होतं, माझ्या आईकडून. पण पुढचा प्रश्न आला असता, त्या काय करायच्या. बालवाडीत मदतनीस, खिचडी शिजवायच्या, हे त्या खोलीत म्हणायला जीभ वळली नाही. कचेरीतली इतकी वर्षं, निवृत्तीचा सत्कार, सगळं पाठीशी असूनही वळली नाही. मी म्हणाले, "मोबाईलवर व्हिडिओ बघून."

हे तुला पोचणार नाही, म्हणूनच एवढं लिहिता आलं. समोर असतीस तर "असू दी की" म्हणून तू उठून कामाला लागली असतीस, आणि मला ते जास्त लागलं असतं. पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा बोलावलंय. तेव्हा तुझं नाव घ्यायचं, तुझ्या कामाचंही, असं ठरवलंय. जमेल का, ते आज मला खात्रीनं सांगता येत नाही.