शॉटआधीची हाक

४ नोव्हेंबर, सोमवार

"खळबळ एकच गोष्ट दोनदा बोलत नाही," असं माझे गाईड वीस वर्षांपूर्वी म्हणाले होते. आज नागभीडजवळच्या प्रयोगशाळेत रुजू झाले आणि तेच आठवलं. जागा छान आहे. खिडकीतून धान कापणाऱ्या बाया दिसतात. हॉलमध्ये माणूसभर उंचीचं पोलादी कडं आहे. त्यात चुंबकांनी धरून ठेवलेला तापलेला वायू, म्हणजे प्लाझ्मा. त्याच्या कडेची खळबळ बारीक प्रोबने, म्हणजे मोजणीच्या सुईने, मोजायची, हे माझं काम. रविवारी आचल येणार. लेकीला सगळं दाखवीन.

६ नोव्हेंबर

प्रत्येक शॉटआधी, म्हणजे यंत्र क्षणभर पूर्ण ताकदीने चालवण्याआधी, रखवालदार सोमाजीभाऊ दारात उभे राहून एकेकाचं नाव घेतात. आपण हॉलबाहेरून ओ द्यायची, मगच दार बंद. त्यांच्या गावात तलावातलं मोठं जाळं ओढण्याआधी असंच करतात. ओ काठावरूनच द्यायची. हाक एकदाच. दुसऱ्यांदा का नाही, विचारलं तर हसले. "दुसऱ्या हाकेले कोन ओ देते, काय सांगता येते बाई?"

८ नोव्हेंबर

आत प्रोब घट्ट करत होते. खोळंबा नको म्हणून आतूनच "आहे" म्हटलं. मंजुषा यंत्र चालवते, तिने मला बाहेर यायला लावून मगच शॉट सोडला. "मॅडम, भाजून निघाल ना," म्हणाली. झालं काहीच नाही. सोमाजीभाऊ मात्र दिवसभर हॉलच्या दाराशीच बसून राहिले.

९ नोव्हेंबर

अकरा शॉट. प्रत्येकाच्या आलेखात तेच दोन उंचवटे, तसेच्या तसे. खळबळीत असं होत नाही. प्रोब बदलला, तारा बदलल्या. मंजुषाने गमतीने नोंद स्पीकरवर लावली.

माझा आवाज. "आहे."

बाराव्या शॉटच्या हाकेला मी तोंड उघडायच्या आत पाठीमागून माझ्याच आवाजात ओ गेली. मागे भिंत होती. कुणाच्या लक्षात आलं नाही—

१० नोव्हेंबर, रविवार

प्रोब काढून टाकायला आत आले. बाहेर सोमाजीभाऊंनी माझं नाव घेतलं. मी ओरडले. पण बाहेरून आधीच—

"आहे."

दार बंद. शॉट थांबवायचं लाल बटण दाबलं, काही नाही. फोनला रेंज नाही. काचेतून आचल दिसते. कुणाशी तरी हसून बोलतेय, तिला 'आई' म्हणतेय—

चुंबक सुरू होण्याआधीचा भोंगा वाजू लागला. हे पान दाराखालून सरकवते. सोमाजीभाऊ, तुम्ही नाहीच म्हणाल, ठाऊक आहे. तरी माझं नाव अजून एकदा घ्या, फक्त एकदा, मी इथून—