एक जून की चौदा एप्रिल

५ जाने. २०२६, सोम. नांदेड
साडेनऊपासून दवाखान्यात, यांच्या ऑपरेशनसाठी योजनांच्या काउंटरवर. गुरुजींना खुर्ची मिळाली, मला नाही. पेन्शनरची पॉलिसी पुढे केली. काउंटरवरची पोरगी म्हणाली, "आजी, यांचं वय एकाहत्तर हाय. सत्तरीच्या पुढं आधी सरकारी सत्तरीचं कार्ड चालवायचं. त्यातून राहील ते पॉलिसी देती. कार्ड घिऊन या."
बरं. कार्डाची खिडकी त्याच इमारतीत, वीस पावलांवर. तिथल्या माणसानं आधार नंबर टाकला नि म्हणाला, "काका, तुमचं वय एकोणसत्तरच हाय. एप्रिलात या."
वीस पावलांत नवरा दोन वर्षांनी तरुण झाला. परत पहिल्या काउंटरवर आले तर पुन्हा म्हातारा. दुपारी दीडला घरी. उपाशी.

६ जाने., मंगळ.
दोष कुणाला द्यायचा? पॉलिसी वय घेते सर्विस बुकातून, तिथे १ जून १९५४. कार्ड घेतं आधारातून, तिथे १४ एप्रिल १९५६. माणूस एकच, आमचे गुरुजी.
पहिलीत चुलतभावासोबत बसावा म्हणून तेव्हाच्या मास्तरांनी दोन वर्षं चढवून एक जून टाकला. त्या काळी सगळ्यांचाच एक जून. पुढे हे त्याच शाळेत हेडमास्तर झाले आणि यांनीही पोरांना एक जूनच वाटला. आईबाप म्हणायचे, "जवारी काढायच्या टायमाला झाली बघा." की लाव एक जून.
मग शाळेत आधारचा कॅम्प लागला आणि यांना खरेपणाची उबळ आली. आईनं सांगितलेली तारीख टाकून घेतली. मी तेव्हाच म्हटलं होतं, सर्विस बुकापेक्षा वेगळं काही लिहू नका. ऐकतंय कोण!

८ जाने., गुरु.
डॉक्टर. हृदयाची झडप आणखी अरुंद झाली आहे. बदलावी लागणार, हे आधीच माहीत होतं. यांनीच विचारलं, "एप्रिलपर्यंत थांबलो तर?" डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, झडपेला एप्रिल कळत नाही. या महिन्यात, फार तर पुढच्या."
रेशनकार्डावरची योजनाही विचारून पाहिली. ऑपरेशन यादीत आहे, हा दवाखाना नाही. यादीतल्या जवळच्या दवाखान्यात हे ऑपरेशन होत नाही. छान.
मी छत्तीस वर्षं नर्स. लोकांना 'घाबरू नका' म्हणण्यात जन्म गेला. आज घरचा जिना चढताना हे दोनदा थांबले नि मीच घाबरले.

१२ जाने., सोम.
पॉलिसीवाल्यांना फोन. हे बटण दाबा, ते दाबा, गाणं ऐका. शेवटी एक बाई बोलल्या. "मॅडम, आम्ही सर्विस बुकच मानतो." मग सर्विस बुकात दुरुस्ती करू? "निवृत्तीनंतर होत नाही."
आधार मात्र बदलतं. जन्मतारीख एकदाच बदलता येते, मग परत फिरवता येत नाही. शाळेच्या रजिस्टरचा उतारा जोडायचा, आधारावर एक जून आणायचा, वय एकाहत्तर. कार्ड मिळेल, मागून पॉलिसी येईल. सरळ रस्ता.
आनंदात सांगायला गेले. गुरुजी पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "नाही."

१३ जाने., मंगळ.
भांडण. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, एवढं मोठं आठवत नाही.
"आईनं मला शेत दिलं न्हाई, सोनं दिलं न्हाई. एक दिवस दिला. जयंतीच्या मिरवणुकीत डफ वाजून राहिला होता तव्हा मी झालो म्हणायची. आईनं दीक्षा घेतली तव्हा मी सहा महिन्यांचा, अंगावर पिता. त्यो दिवस खोडू? आन् मास्तरनं लावलेला एक जून ठिवू?"
मी म्हटलं, "तुम्ही वाटलेला एक जून निम्म्या तालुक्याला चालतो. तुम्हालाच काय धाड भरली?"
बोलायला नको होतं. यांनी ताट तसंच सारलं. मी ओट्याशी उभ्यानं भाकरी खाल्ली, रागाच्या भरात दोन.

१९ जाने., सोम. चाकूर
यांना न सांगता उताऱ्यासाठी आले. सांगितलं ते लेकीकडे लातूरला जाते म्हणून. खोटं नाही, मुक्काम तिच्याकडेच. चाकूरला उतरून ऑटोनं यांच्या गावात.
शाळेच्या आताच्या हेडमास्तरीण यांच्याच विद्यार्थिनी. कपाटातून रजिस्टर काढता काढता हसल्या. "सिस्टर, माझा बी एक जूनच. गुरुजींनीच टाकला. आई म्हणायची पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झालीस. दरसाल एक जूनला मोबाईलवर शंभर जण शुभेच्छा देतात, आन् त्यातल्या नव्वदांचा वाढदिवस त्याच दिवशी."
पान उघडलं. वरपासून खालपर्यंत एक जून. एवढी बाळं खरंच एका दिवशी जन्मली असती तर आम्ही सिस्टर लोक पळून गेलो असतो.
यांचं नाव सापडलं. उतारा मिळाला. पण वर गटशिक्षणाधिकाऱ्यांची सही पाहिजे म्हणे, आणि साहेब मीटिंगला. बुधवारी या.

२१ जाने., बुध. लातूर
सही झाली. शिक्का उलटा पडला होता, पुन्हा मारून घेतला. लेक म्हणाली, "आई, बाबांनी नाहीच म्हटलं तर?" तिला म्हटलं, चहा टाक.

२३ जाने., शुक्र. नांदेड
उतारा टेबलावर ठेवला, पेपरवेटखाली. गुरुजींनी वाचला. मास्तरच ते, शिक्क्याची तारीख तपासली. परत पेपरवेटखाली ठेवला. आता शनि., रवि., सव्वीस जानेवारी. तीन दिवस सगळंच बंद.

२७ जाने., मंगळ.
सकाळी न्हाणीत दम लागला. भिंतीला धरून उभे. मी धावले, पाट दिला, नाडी धरली. मोजताना चुकले. मी! पुन्हा मोजली.
हे निवले तेव्हा म्हटलं, "मी तुमच्या आईशी भांडून नाही राहिले. मला जयंतीला तुम्ही पाहिजेत. कागदावर कोणता का दिवस असेना." यांनी टॉवेल मागितला.
मला यांचा राग आहे आणि यांच्यासाठीच भीती वाटते. दोन्ही एकदम सोसत नाही या वयात.

२९ जाने., गुरु.
इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दारात उभे. "चल. उतारा घेतलास का?"
आधार केंद्र. वीस नंबर पुढे. केंद्रातल्या माणसानं मोठ्यानं वाचलं, "एक जून एकोणीसशे चौपन्न. बरोबर हाय का, काका?" गुरुजी चष्मा पुसायला लागले. मागून कुणीतरी, "आटपा की." मी यांच्याकडे पाहिलं नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिले.
"बरोबर," हे म्हणाले. वर्गात हजेरी घ्यायचे त्या आवाजात.
ऑटोत बसलो. मग म्हणाले, "आता त्यो दिवस कुठल्याच कागदावर न्हाई. तुझ्यापाशी राहिला. इसरू नको."
म्हटलं, "मला माझ्या गोळ्या लक्षात राहत नाहीत." हसले. मीही हसले, आणि मग ऑटोतच रडू आलं. ऑटोवाल्यानं रेडिओ बंद केला.

५ फेब्रु., गुरु.
आधार अजून 'प्रक्रियेत'. डॉक्टरांनी पुढचा गुरुवार धरून ठेवलाय, बारा तारीख. आधी आधार, मग कार्ड, मग पॉलिसी, आणि हे सगळं बुधवारपर्यंत.
काउंटरवर जाऊन आले. त्या पोरीनं नवीनच काढलं. "आजी, कार्ड मिळंल. पन पॉलिसीवाले इचारतील, जानेवारीत आधारावर एकोणसत्तर होते, फेब्रुवारीत एकाहत्तर कसे? त्याचा खुलासा लागंल."
घरी येऊन सांगितलं. गुरुजींनी कोरा कागद घेतला, समास आखला, खुलासा लिहायला बसले. 'महोदय' लिहिलं आणि थांबले. मला म्हणाले, "खरं लिहू का चालंल ते लिहू?"
दोन्ही लिहा, म्हटलं. जे लागेल ते देऊ.
बॅग भरली. गुरुवारी जायचंच, कार्ड येवो न येवो. कसं, ते माहीत नाही. आधारचा मेसेज अजून नाही.